अर्ज एसपींच्या नावाने, भेट अ‍ॅडिशनल साहेबांची : ठाण्यात तक्रार घेत नसतील तर काय करायचं

ठाण्यात जाऊन दोन तास बाकड्यावर बसलात आणि शेवटी "अर्ज देऊन जा, बघतो" एवढंच ऐकून परत आलात, की गावातला प्रत्येक माणूस एकच सल्ला देतो, "सरळ एसपीला भेट." सल्ला चूक नाही, पण अर्धवट आहे. एसपी, म्हणजे पोलीस अधीक्षक, जिल्ह्याला एकच, त्यांच्यामागे मंत्र्यांचे दौरे, कलेक्टरकडच्या मीटिंगा, आयजींचे फोन, पत्रकार परिषदा, आणि तुम्ही ऐंशी किलोमीटरवरून एसटीने जाता तेव्हा नेमकं कळतं की साहेब बाहेर आहेत. म्हणून ज्या माणसाकडे बहुतेक लोक जातच नाहीत त्याच्याबद्दल लिहितोय, अपर पोलीस अधीक्षक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी अ‍ॅडिशनल एसपी किंवा नुसतंच "अ‍ॅडिशनल साहेब". जिल्हा पोलिसांतला दोन नंबरचा माणूस. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, ठाण्याने परत पाठवलेले लोक रोज समोर बसतात, त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथं टाईप करतोय.

आधी ही पोस्ट म्हणजे नक्की काय ते. ठाण्याचा इन्चार्ज पीआय म्हणजे पोलीस निरीक्षक (लहान ठाण्यात एपीआय, सहायक निरीक्षक), त्याच्या वर काही ठाणी मिळून एक उपविभागीय पोलीस अधिकारी म्हणजे एसडीपीओ, लोक त्याला डीवायएसपी म्हणतात, त्याच्या वर अ‍ॅडिशनल, मग एसपी, आणि एसपींच्या वर परिक्षेत्राचे आयजी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ८ मध्ये लिहिलंय की सरकार जिल्ह्यात एक किंवा जास्त अपर अधीक्षक नेमू शकतं आणि एसपींचे सगळे किंवा काही अधिकार त्यांना देऊ शकतं. म्हणजे हा माणूस एसपींचा पीए नाही, एसपी रजेवर गेले की बहुतेक वेळा चार्ज यांच्याकडेच असतो. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३० (जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, ३६ होतं) सांगतं की ठाणेदारापेक्षा वरच्या दर्जाचा अधिकारी आपल्या पूर्ण हद्दीत ठाणेदाराचे सगळे अधिकार वापरू शकतो. हे कलम तिथं जाऊन तोंडावर फेकायचं नाही, फक्त डोक्यात ठेवायचं, कारण कधीकधी खालचा कर्मचारी सांगतो की "अ‍ॅडिशनल साहेबांचा यात काही संबंध येत नाही."

ओळखायचं कसं? खांद्यावर तीन स्टार आणि लाल-निळी फीत म्हणजे पीआय, तीन स्टार पण फीत नाही म्हणजे डीवायएसपी, नुसता अशोकस्तंभ म्हणजे अ‍ॅडिशनल, अशोकस्तंभ आणि स्टार म्हणजे एसपी. ऑफिसात साध्या कपड्यात असले तर दारावरची पाटी वाचा, सोपं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी निम्म्या लोकांना कुणी सांगतच नाही : अ‍ॅडिशनल एसपी दरवेळी जिल्ह्याच्या गावीच बसतात असं नाही. मोठ्या जिल्ह्यांत जिल्ह्याचा लांबचा भाग यांच्याकडे दिलेला असतो आणि ऑफिसही तिकडेच असतं. नाशिक ग्रामीणचं मालेगावला आहे, जळगावचं चाळीसगावला, अहिल्यानगरचं श्रीरामपूरला, बीडचं अंबाजोगाईला, नांदेडचं भोकरला, पुणे ग्रामीणचं बारामतीला, कोल्हापूरचं गडहिंग्लजला. गडचिरोलीत अहेरीला वेगळे अ‍ॅडिशनल आहेत, शिवाय ऑपरेशन आणि प्रशासनाचे वेगळे. यातल्या बऱ्याच जिल्ह्यांत मुख्यालयालाही एक अ‍ॅडिशनल असतात, म्हणजे दोघांपैकी तुमचं ठाणं कुणाकडे येतं ते आधी विचारायचं. जिल्हा पोलिसांच्या वेबसाईटवर असतं, नाहीतर कंट्रोल रूमला फोन करून "अमुक ठाणं कुठल्या अ‍ॅडिशनल साहेबांकडे येतं आणि भेटीची वेळ काय" एवढंच विचारा, सांगतात. नुसतं एवढं केलं तरी केजच्या माणसाचा बीडपर्यंतचा हेलपाटा वाचतो, अंबाजोगाई त्याला जवळ.

आयुक्तालयात राहत असाल, म्हणजे मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, पिंपरी-चिंचवड वगैरे, तर तिथं एसपी-अ‍ॅडिशनल हा प्रकारच नाही. तिथं पीआय, मग एसीपी (सहायक आयुक्त), मग झोनचे डीसीपी (उपायुक्त). दोन नंबरला सह आयुक्त असतात, पण साध्या एफआयआरसाठी तिथवर जायची गरज पडत नाही, डीसीपीपाशी काम होतं. पुढं जे लिहिलंय त्यात एसपी आणि अ‍ॅडिशनल असेल तिथं डीसीपी आणि एसीपी वाचा, बाकी पद्धत तीच.

अ‍ॅडिशनलकडे जाण्याआधी तुमचं काम त्यांच्याकडे नेण्यासारखं आहे का ते बघा. शेताचा बांध कोरला, वहिवाटीचा रस्ता अडवला, भावाने वाटणी दिली नाही, ही प्रकरणं घेऊन लोक तिथं रांगेत उभे असतात आणि दोन मिनिटांत "दिवाणी आहे, कोर्टात जा" ऐकून बाहेर येतात. रस्त्याचं असेल तर तहसीलदार, मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट १९०६ चं कलम ५ त्यासाठीच आहे. पण त्याच बांधाच्या भांडणात कुणी उभ्या पिकात ट्रॅक्टर घातला, मारलं, धमकावलं तर तेवढा भाग पोलिसांचा, आणि अर्जात तेवढाच भाग लिहायचा, आजोबांच्या काळापासूनची फेरफाराची कहाणी नाही. पीआयची बदली करा असंही मागू नका, लेखी तक्रारीवर कुणी उठून बदली करत नाही. पैसे मागितले असतील तर अ‍ॅडिशनलकडे नाही, सरळ एसीबीला (लाचलुचपत प्रतिबंधक विभाग) १०६४ वर फोन, आणि तोही पैसे द्यायच्या आधी.

थोडा कायदाही लागणारच. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस कोर्टाची परवानगी न घेता तपास करू शकतात) खबर दिली की ठाण्याने एफआयआर नोंदवायचा, कलम १७३(१), हद्द कुणाचीही असो, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाईन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची कॉपी फुकट मिळते. सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ लाच सांगून ठेवलंय की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद बंधनकारक. नवीन कायद्यात एक फट मात्र आहे, १७३(३) : तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल तर डीवायएसपी किंवा वरच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. त्यामुळे ठाण्यात "चौकशी चालूय" म्हणाले की शांतपणे विचारा, "साहेब, १७३(३) ची परवानगी घेतलीय का, कोणत्या तारखेला?" बऱ्याचदा घेतलेली नसते, नुसता अर्ज फाईलला लावलेला असतो.

आणि ठाण्याने नोंद नाकारली तर कलम १७३(४). इथं नीट वाचा, कारण सगळं घोडं इथंच अडतं. कायदा म्हणतो की खबरीचा मजकूर लेखी आणि पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवायचा. अ‍ॅडिशनलचं नाव त्या कलमात नाही. पुढं उद्या कोर्टात जायची वेळ आली तर मॅजिस्ट्रेट विचारणार, एसपींकडे अर्ज केला होता का? तेव्हा अ‍ॅडिशनलच्या नावाने दिलेला अर्ज दाखवलात तर समोरचा वकील तेवढ्यावरच अर्धा तास बोलेल, मी पण बोललो असतो. म्हणून अर्ज एसपींच्या नावाने, स्पीड पोस्टने, पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट जपून. त्याच अर्जाची प्रत अ‍ॅडिशनल साहेबांना, ती हातात घेऊन समक्ष भेटायचं. कागद एसपींचा आणि भेट अ‍ॅडिशनलची, दोन्ही एकाच दिवशी.

अर्ज कसा असावा ते एका उदाहरणावरून सांगतो कारण "सविस्तर अर्ज लिहा" असं सांगून काही उपयोग होत नाही, लोक सात पानं लिहून आणतात. विहिरीवरची मोटर आणि केबल चोरीला गेलीय समजा. ठाण्यात काय होतं तर एकतर साधा अर्ज घेतात नाहीतर एनसी करतात, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. एनसी का? तर भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३(२), आणि माल पाच हजाराच्या आतला असेल तर तो गुन्हा आता अदखलपात्र आहे. म्हणजे तुम्ही "केबल चोरीला गेली" एवढंच म्हणालात आणि किंमत सांगितली नाही, की समोरचा अंमलदार आपल्या मनाने साडेचार हजार लिहून मोकळा. म्हणून किंमत तुम्ही लिहायची, बिल जोडायचं, बिल हरवलं असेल तर ज्या दुकानातून घेतली तिथून आजच्या दराचं कोटेशन आणायचं. आता अर्ज बघा :

प्रति, मा. पोलीस अधीक्षक, (जिल्हा).
प्रत : मा. अपर पोलीस अधीक्षक / मा. उपविभागीय पोलीस अधिकारी.
विषय : (अमुक) पोलीस ठाण्यात चोरीची फिर्याद नोंदवून न घेतल्याबाबत, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १७३(४) प्रमाणे अर्ज.
महोदय, माझ्या (गाव, गट नंबर) येथील विहिरीवरील पाच एचपीची पाणबुडी मोटर व दोनशे फूट केबल दि. (तारीख) च्या रात्री चोरीस गेली. दोन्हीची मिळून किंमत रु. (आकडा), बिल सोबत. दि. (तारीख) रोजी सकाळी ११ वाजता मी ठाण्यात गेलो असता ठाणे अंमलदार यांनी फिर्याद न नोंदवता साधा अर्ज घेतला, पोच सोबत. दि. (तारीख) रोजी पुन्हा गेलो असता "मोटर सापडली की कळवू" असे सांगण्यात आले. अद्याप गुन्हा दाखल नाही. तरी कलम ३०३(२) प्रमाणे गुन्हा नोंदवून तपास व्हावा ही विनंती.

झालं, एवढंच. एका पानात, मागणी एकच. खाली सही, मोबाईल नंबर, तारीख, जोडलेल्या कागदांची यादी. कुणावर संशय असेल तर "संशय आहे" असंच लिहा, "त्यानेच चोरली" लिहिलंत आणि तो माणूस त्या रात्री पुण्यात होता असं निघालं तर तुमचं बाकीचं खरं पण खोटं वाटायला लागतं. पीआय तुमच्याशी उर्मट वागला असेल तर त्याची तक्रार वेगळ्या कागदावर, वेगळ्या अर्जात. हे दोन विषय एकत्र केले की काय होतं तर अख्खा अर्ज "पोलिसांविरुद्ध तक्रार" म्हणून चौकशीला जातो, मोटर राहते बाजूला आणि तुमचा जबाब घ्यायला बोलावतात की साहेब नक्की काय शब्द बोलले.

ऑफिसात गेल्यावर आधी आवक विभागात एसपींच्या प्रतीवर आणि अ‍ॅडिशनलच्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या (पोस्टाने पाठवलं तरी ही एक प्रत द्याच, दोन्ही असलेलं बरं). कुणी म्हणेल "साहेबांना भेटा आधी, मग शिक्का", तर गोडीत सांगा की शिक्का मारून द्या, मी बसतो. मग साहेबांच्या केबिनबाहेर नावाची चिठ्ठी आत जाते. मोबाईल बाहेर ठेवायला सांगतात म्हणून फोटो-व्हिडिओ असेल तर प्रिंट काढून न्या, नाहीतर ऐनवेळी पुरावा बाहेरच्या टेबलावर आणि तुम्ही आत. गणपती विसर्जन, निवडणूक, कुठं दंगलीचं वातावरण अशा काळात जाऊ नका, सगळ्या बंदोबस्ताची आखणी याच माणसाच्या डोक्यावर असते, आषाढीच्या आठवड्यात पंढरपूरच्या बाजूला तर अधिकारी ऑफिसात सापडायचे नाहीत. सोमवारी गर्दी फार. बऱ्याच ठाण्यांत शनिवारी तक्रार निवारण दिन असतो, तिथं आधी एकदा जाऊन आलात तर अर्जात एक तारीख वाढते, तेही कामाचं.

आत तुम्हाला तीन-चार मिनिटं मिळतील असं धरून चला. पहिलं वाक्य "साहेब, आमच्यावर फार अन्याय झालाय" हे नको, दिवसभर ते हेच ऐकत असतात. पहिलं वाक्य असं : "साहेब, अमुक ठाण्याच्या हद्दीत बारा तारखेला मोटर चोरीला गेली, दोनदा गेलो, एफआयआर झाला नाही, हे कागद." आणि गप्प बसायचं. त्यांना वाचू द्यायचं. हाच तर अ‍ॅडिशनलकडे जायचा खरा फायदा, एसपींकडे अर्ज ढिगात जातो, इथं माणूस तुमच्यासमोर कागद वाचतो. पुढं बहुतेक वेळा एकच गोष्ट होते, ते तिथूनच पीआयला फोन लावतात. तुम्हाला एकच बाजू ऐकू येते, "हं... हं... मग एनसी का केली?... बिल आहे ना त्यांच्याकडे." या फोनच्या मध्ये बोलायचं नाही. पलीकडून पीआय काहीतरी सांगत असणार की हे लोक नेहमीचेच आहेत, भावकीचं भांडण आहे, आणि तुम्ही तिथं ओरडून मध्ये पडलात की त्याचं म्हणणं खरं ठरतं. फोन ठेवल्यावर विचारतील तेव्हा बोला.

माझा एक अंदाज सांगतो, पटला तर घ्या. एमपीएससीतून डीवायएसपी होऊन प्रमोशनने आलेले अ‍ॅडिशनल असतील तर त्यांना ठाण्यातल्या सगळ्या खोड्या माहीत असतात, त्यांना कलमं सांगायची गरज नाही, "साहेब, साडेचार हजार किंमत धरून एनसी केली" एवढं वाक्य पुरतं, ते हसतात आणि फोन उचलतात. तरुण आयपीएस असेल तर कागद आणि तारखा व्यवस्थित लागतात, पण कलम बरोबर असलं की ते सोडतही नाहीत. नेत्याचा फोन मात्र दोघांकडेही लावू नका. काम एकवेळ होईलही, पण त्या क्षणापासून तुमची केस मोटरची राहत नाही, अमुक भाऊंच्या माणसाची होते, आणि समोरच्याचेही भाऊ असतातच.

निघताना अर्जाच्या कडेला साहेबांनी काय शेरा मारला ते नम्रपणे विचारून घ्या, जमलं तर बघून घ्या. "गुन्हा दाखल करून अहवाल सादर करावा" असेल तर काम झालं समजा. "चौकशी करून अहवाल" असेल तर मध्यम, त्यात किती दिवसांत हे लिहिलंय का बघा. आणि "योग्य ती कार्यवाही करावी" असेल तर तो अर्ज जसा आला तसा त्याच ठाण्यात त्याच टेबलावर परत जाणार. अशा वेळी जागेवरच विनंती करायची की साहेब, चौकशी ठाण्याऐवजी एसडीपीओ साहेबांकडून व्हावी. ही मागणी लहान आहे, त्यांच्या हातातली आहे आणि सहसा मान्य होते. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा असेल तर तिथं प्रश्नच येत नाही, १९९५ च्या नियमांतल्या नियम ७ प्रमाणे तपास डीवायएसपी दर्जाच्या खाली जातच नाही. तपास चालू आहे पण ढिला आहे अशी तक्रार असेल तर तपासी अंमलदार बदलून द्या किंवा स्थानिक गुन्हे शाखेकडे द्या असं मागता येतं, पण एलसीबी बहुतेक जिल्ह्यांत थेट एसपींच्या हाताखाली चालते, त्यामुळे तो निर्णय वर जातो आणि वेळ लागतो.

शेरा मारलेला अर्ज ठाण्याला कोणत्या जावक नंबरने गेला ते दोन-तीन दिवसांनी फोन करून घ्या आणि तो नंबर घेऊन ठाण्यात जा. ठाण्यात "वरून आलाय ना, आता वरच जा" असं टोमणं मिळणार, मिळू द्या, उलट बोलू नका. जबाबाला बोलावलं तर जा, पण जबाब वाचल्याशिवाय सही नाही, आणि त्यात "माझी आता काही तक्रार नाही" असं वाक्य शेवटी घुसवलेलं आहे का ते बघाच, हे वाक्य मी इतक्या जबाबांत बघितलंय की आता आधी शेवटची ओळ वाचतो आणि मग सुरुवात. एफआयआर झाला तर कॉपी घ्या, आणि तपासात काय प्रगती झाली हे पोलिसांनी नव्वद दिवसांत तुम्हाला कळवायचं असतं, कलम १९३(३), नाही कळवलं तर त्याच अ‍ॅडिशनल साहेबांना एक ओळीचा अर्ज.

बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला अशा गुन्ह्यांत नोंद नाकारली तर नोंद न घेणाऱ्यावरच गुन्हा होतो, न्याय संहितेचं कलम १९९, सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी. अशा प्रकरणात थांबायचं नाही, त्याच दिवशी एसपी आणि अ‍ॅडिशनल दोघांनाही ईमेल, पोस्ट आणि समक्ष, तिन्ही.

आणि एवढं करूनही पंधरा-वीस दिवसांत हललं नाही तर कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. तिथं ॲफिडेव्हिट लागतं आणि एसपींकडे १७३(४) चा अर्ज केल्याचा पुरावा लागतो, म्हणजे तुमची पोस्टाची पावती, ट्रॅकिंगची प्रिंट, आवक शिक्क्याची प्रत, शेरा असेल तर त्याची झेरॉक्स, ठाण्याची पहिली पोच. हे सगळं तारखेच्या क्रमाने लावून एका फाईलला दोन सेट करून आणा, एक कोर्टाचा आणि एक तुमच्या वकिलाचा.